झोपेत येणारा घाम : ‘पाळी जाण्याचे वय’ या उत्तरावर थांबण्यापूर्वी

तुमच्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा : वय ४९, राहणे डोंबिवलीला. गेले चार महिने आठवड्यातून तीन-चार वेळा रात्री दोन ते चारच्या दरम्यान घामाने जाग येते. गाऊन बदलावा लागतो, उशीचा अभ्रा ओला होतो. पाळी वर्षभर अनियमित असून शेवटची तीन महिन्यांपूर्वी आली. सात वर्षांपासून मधुमेह आहे आणि ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी तुम्ही सकाळी व रात्री जेवणाआधी घेता. सोमवार आणि संकष्टीचे उपवास चालू आहेत. वजन तीन-चार किलोंनी उतरले आहे, पण ते चालण्याच्या व्यायामामुळे असावे असे तुम्हाला वाटते. सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी फुप्फुसाचा टीबी झाला होता आणि त्यांचे उपचार पूर्ण झाले. बहिणीने, शेजारणीने आणि एका डॉक्टरांनीही “या वयात हे व्हायचेच” असे सांगितले. इंटरनेटवर मात्र घाम म्हणजे रक्ताचा कॅन्सर असे वाचून तुमची उरलेली झोपही गेली. शेवटी तुम्ही हेही लिहिले आहे की मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली असून बाळ तीन आठवड्यांचे आहे आणि तिलाही रात्री दरदरून घाम येतो.

मेडिसिनच्या बाह्यरुग्ण विभागात ही तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. तिच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान दुर्मीळ आजारांमुळे होत नाही. पहिले पटणारे कारण सापडले की पुढचा शोध थांबतो, त्यामुळे होते. तुमच्या घामात पाळी जाण्याचा वाटा बहुधा आहेच. परंतु तुमच्याच पत्रात आणखी दोन कारणे स्पष्ट दिसतात : रात्री साखर खाली जाणे आणि टीबी. ही दोन्ही अगदी स्वस्तात तपासता येतात, दोन्हींवर खात्रीचे उपचार आहेत आणि दोन्हींकडे दुर्लक्ष केले तर महागात पडते. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी साखर, लगोलग थुंकी आणि छातीचा एक्स-रे, आणि त्यानंतर पाळीबद्दलचे उपचार. कॅन्सर या यादीत बराच खाली येतो. तो का, हेही पुढे सांगतो.

झोपेत घाम येणे मुळात रोगाचे लक्षण नाही. झोप लागताना मेंदूतील हायपोथॅलॅमस शरीराच्या तापमानाची पातळी थोडी खाली आणतो आणि जादा उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील रक्तप्रवाह व घाम वाढवतो. त्यामुळे रात्रीच्या पहिल्या प्रहरात मानेला, छातीला थोडा ओलसरपणा जाणवला तर ते शरीराचे रोजचे काम समजावे. शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली असते. या उताराच्या काळात ताप येऊन उतरला, साखर पडल्यामुळे ॲड्रेनॅलिन वाढले किंवा इस्ट्रोजेन हे स्त्रियांमधील हार्मोन कमी झाल्यामुळे तापमानाचे नियंत्रण हळवे झाले, तर घामाचा पूर येतो. घामग्रंथींच्या दृष्टीने तिन्ही प्रसंग एकसारखेच असतात. म्हणून केवळ घाम किती आला यावरून कारण ओळखता येत नाही. तो कधी आला आणि त्याच्यासोबत आणखी काय आले, यावरून ओळखता येते. एक उपयुक्त अपवाद सांगतो : ज्यांच्या तळहातांना, तळपायांना किंवा काखेत लहानपणापासून दिवसा अतिघाम येतो, त्यांचा तो घाम झोपेत सहसा थांबतो. त्यामुळे “मला पहिल्यापासूनच घाम जास्त” हे रात्रीच्या घामाचे पुरेसे स्पष्टीकरण होत नाही.

वैद्यकात ज्याला रात्रीचा घाम म्हणतात, तो खोली गरम नसताना आणि पांघरूण जड नसतानाही कपडे किंवा चादर बदलायला लावतो. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, इतर कारणांसाठी फॅमिली डॉक्टरांकडे आलेल्या प्रौढांपैकी सुमारे ४० टक्के लोकांनी गेल्या महिन्यात रात्री घाम आल्याचे सांगितले होते. म्हणजे ही तक्रार अतिशय सामान्य आहे आणि ती असणाऱ्या बहुसंख्य माणसांना गंभीर आजार नसतो. तुमच्या बाबतीत कपडे बदलावे लागतात, वजन उतरले आहे आणि घरात टीबी होऊन गेला आहे. एवढ्यासाठीच मी तुम्हाला त्या बहुसंख्यांत आपोआप धरायला तयार नाही.

आता साखरेबद्दल. ग्लिमेपिराइड हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडते आणि पोटात अन्न आहे की नाही याची वाट पाहत नाही. ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड आणि बाहेरून टोचलेले इन्सुलिन यांचेही तसेच आहे. मेटफॉर्मिन एकट्याने साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरवत नाही. तुमच्या संकष्टीचे उदाहरण घ्या. एरवी रात्री आठला गोळी आणि सव्वाआठला जेवण. चतुर्थीला मात्र आठला सवयीने गोळी घेतली जाते आणि चंद्रोदय साडेनऊच्या आसपास. त्यात स्वयंपाक, आरती, नैवेद्य यांत आणखी अर्धा तास जातो. सोमवारी याच्या उलट घडते : सकाळची गोळी घेतली जाते, दिवसभरात साबुदाण्याची खिचडी एकदाच होते, साखर आधी चढते आणि मग लांबलचक रिकामा काळ येतो. त्यात वजन कमी झाले आणि चालणे वाढले की शरीराला औषध पूर्वीपेक्षा कमी लागते, पण गोळी तीच राहते. मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर हे औषध अंगात अधिक काळ राहते, म्हणून क्रिएटिनिनची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर तीही करून घ्यावी.

रात्री साखर उतरली की माणूस बऱ्याचदा पूर्ण जागा होत नाही. घाम, दचकवणारी स्वप्ने, सकाळी डोके जड, अंग मोडल्यासारखे आणि उपाशीपोटीची साखर मात्र चांगली किंवा उलट जास्तच, असे चित्र दिसते. जाग आलीच तर अंग थंड आणि चिकट लागते, हात थरथरतात, छातीत धडधडते, भूक लागते. पाळी जाण्याच्या काळातील झळ बहुधा छाती-मानेपासून चेहऱ्याकडे चढते, अंग गरम होते आणि काही मिनिटांत ओसरून थोडी थंडी वाजते. पुस्तकात हा फरक नीट दिसतो. पहाटे अडीचला, अर्धवट झोपेत, ओल्या गाऊनमध्ये तो कोणालाही नीट सांगता येत नाही. म्हणून अंदाज करत न बसता मीटर वापरावे. रक्तदाबासाठी गोळी घेता का आणि घेत असाल तर कोणती, हे तुम्ही लिहिलेले नाही. ती ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल गटातील असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र झाकला जात नाही, आणि अशा रुग्णात साखर उतरल्याची खूण म्हणून कधीकधी तेवढाच उरतो.

ग्लुकोमीटर, स्ट्रिपची डबी, कोरडा टॉवेल, थर्मामीटर आणि साखरेचा छोटा स्टीलचा डबा आज रात्रीपासून उशाशी ठेवा. घामाने जाग आली की आधी बोट नीट पुसून कोरडे करा, कारण बोटावरचा घाम रक्ताच्या थेंबात मिसळला तर आकडा चुकतो. झोपण्यापूर्वी फळ कापले किंवा गोड हाताळले असेल आणि हात धुतला नसेल तर आकडा खोटाच वर दिसतो. बोटाच्या टोकाला टोचण्याऐवजी कडेला टोचावे, कमी दुखते. डबी लगेच घट्ट बंद करावी. आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या स्ट्रिप खराब होतात आणि मग मीटरवर विश्वास राहत नाही. घाम आला नाही तरी एका आठवड्यात तीन रात्री गजर लावून दोन ते तीनच्या दरम्यान साखर मोजा आणि त्यातली एक रात्र उपवासाची असू द्या.

आकडा ७० च्या खाली आला तर साखर उतरली असे समजावे आणि ५४ च्या खाली आला तर ती गंभीररीत्या उतरली आहे. अशा वेळी तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि अजून ७० च्या खाली असेल तर तेच पुन्हा करावे. पेढा, चॉकलेट, लाडू यांतील तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते, म्हणून ते पहिल्या उपचाराला नकोत. आकडा सुधारल्यावर अर्धी पोळी किंवा दूध-बिस्किटे घ्यावीत, कारण या गटातील गोळीचा परिणाम तासन्‌तास टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. माणूस नीट शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ ला फोन करावा. एकदा जरी आकडा ७० च्या खाली मिळाला, तरी दुसऱ्या दिवशी तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना तो दाखवा. बहुतेक वेळा मात्रा कमी करून किंवा ज्याने साखर पडत नाही अशा गटातील औषध देऊन प्रश्न सुटतो. उपवास सोडावा असा माझा आग्रह नाही. मात्र उपवासाच्या दिवशीची गोळी कशी घ्यायची हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे, आणि तोवर ‘जेवण समोर आल्याशिवाय ही गोळी नाही’ एवढा नियम पाळावा.

टीबीबद्दल आपल्या घरांत दोन टोके दिसतात : एक तर भलतीच भीती, नाहीतर “तो आपल्याकडे कसा असेल” असा विश्वास. जगातील दर चार टीबी रुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे, मधुमेह असलेल्याला टीबी होण्याची शक्यता दुप्पट-तिप्पट असते, आणि तुमच्या घरात फुप्फुसाचा रुग्ण होऊन गेला आहे. टीबीचे जंतू शरीरात शिरल्यानंतर आजार वर येण्यास महिने, कधी वर्षेही लागतात. पहिली दोन वर्षे त्यात अधिक जोखमीची. शिवाय मधुमेही माणसाचे वजन उतरले की सगळे त्याचे श्रेय साखरेला किंवा चालण्याला देतात. तुम्हीही तेच केले आहे. वजन व्यायामानेच उतरले असेलही, परंतु खाणे तेवढेच असताना उतरले असेल तर मी ते व्यायामाच्या खात्यावर टाकणार नाही.

टीबीतील घामाच्या मागे बहुधा संध्याकाळी चढणारा बारीक ताप असतो. जुनी माणसे त्याला अंगात कसर असणे म्हणतात. तो रात्री उतरताना घाम फुटतो, म्हणून घामाने जाग येते तेव्हा थर्मामीटरवर काही दिसेलच असे नाही. त्यासाठी पंधरा दिवस रोज संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान तोंडात थर्मामीटर ठेवून तापमान लिहावे. अंगदुखीसाठी संध्याकाळी पॅरासिटामॉल घेण्याची सवय असेल तर ते डॉक्टरांना सांगावे. ही गोळी ताप झाकते आणि ताप उतरवताना स्वतःच घाम आणते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी दिशाभूल होते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन उतरणे आणि रात्रीचा घाम या चारांपैकी एकही असले तरी टीबी रुग्णासोबत एका घरात राहिलेल्या व्यक्तीने तपासणी करावी असा साधा निकष आहे. तुमच्याकडे दोन आहेत.

ही तपासणी सरकारी आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत मोफत होते. छातीचा एक्स-रे, आणि थुंकी पडत असेल तर तिची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावरची तपासणी, एवढे पुरते. थुंकी म्हणजे लाळ नव्हे. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, खोकून छातीतून आलेला बेडका द्यायचा असतो. रक्तातील अँटिबॉडी पाहून टीबी ठरवणाऱ्या किटवर केंद्र सरकारने २०१२ सालीच बंदी घातली आहे, कारण त्यांचे निष्कर्ष बेभरवशाचे निघाले; तशी तपासणी कोणी सुचवलीच तर पैसे वाचवा. हातावर टोचून करायची मांटू चाचणी सकारात्मक आली तर जंतूशी संबंध आला एवढेच कळते, आजार आहे की नाही हे कळत नाही. आजार निघालाच तर नेहमीच्या टीबीचे उपचार सहा महिन्यांचे असून औषधे मोफत मिळतात आणि निक्षय पोषण योजनेतून उपचारकाळात महिना १००० रुपये खात्यात जमा होतात. आजार नाही असे ठरले, तर घरातील संपर्कातल्या व्यक्तींसाठी प्रतिबंधक औषधांची सोय आहे, तिच्याबद्दल त्याच केंद्रात विचारा. हे सर्व पुढच्या महिन्यावर ढकलू नका असे मी म्हणतो, त्याचे मुख्य कारण तुमचे वय किंवा मधुमेह नाही. घरात तीन आठवड्यांचे बाळ आहे आणि त्याला दिवसभर मांडीवर घेणारी तुम्हीच आहात. एक्स-रे आणि थुंकीचा निकाल हाती येईपर्यंत, विशेषतः खोकला असेल तर, बाळाजवळ मास्क लावावा आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

कॅन्सरविषयी इंटरनेटवर जे वाचले त्यात तथ्य एवढेच आहे की लिम्फोमा या लसीकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये भिजवणारा रात्रीचा घाम, ३८ अंश सेल्सिअसच्या वरचा विनाकारण ताप आणि सहा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक वजन घटणे या तीन लक्षणांना डॉक्टर एकत्र महत्त्व देतात. हा आजार टीबीपेक्षा कितीतरी दुर्मीळ आहे. आंघोळीच्या वेळी मानेच्या दोन्ही बाजू, गळपट्टीच्या हाडावरचा खळगा, काखा आणि जांघा बोटांनी चाचपून पाहा. न दुखणारी, रबरासारखी, एक सेंटिमीटरहून मोठी गाठ तीन-चार आठवडे टिकून असेल तर ती डॉक्टरांना दाखवावी. आपल्याकडे अशी गाठही बरेचदा टीबीचीच निघते, आणि ते सुईने काढलेल्या नमुन्यातून किंवा बायोप्सीतून ठरते. गाठ नाही, ताप नाही, सीबीसी आणि ईएसआर या साध्या रक्ततपासण्या ठीक आहेत, तर कॅन्सरसाठी पेट स्कॅन करून घेण्याची घाई मी तुम्हाला करू देणार नाही.

एवढे झाले की पाळीकडे निवांत मनाने पाहता येईल. भारतीय स्त्रियांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी बंद होते आणि सलग बारा महिने पाळी न आल्यावर ती बंद झाली असे म्हणतात. तुम्ही त्याच्या आधीच्या, हार्मोन वर-खाली होण्याच्या काळात आहात, आणि झळा व रात्रीचा घाम याच काळात जोर धरतात. इस्ट्रोजेन घटले की हायपोथॅलॅमसला चालणारी तापमानाची मर्यादा अरुंद होते. शरीर अर्ध्या अंशाने गरम झाले तरी तो आग लागल्यासारखा घाम सोडतो. हा त्रास सहा महिन्यांत संपतो हा समज चुकीचा आहे. अमेरिकेतील मोठ्या दीर्घकालीन अभ्यासात वारंवार झळा येणाऱ्या स्त्रियांत त्यांचा कालावधी सरासरी सात वर्षांहून अधिक भरला. तेव्हा “सहन कर, जाईल” हा सल्ला म्हणजे सात वर्षांची अपुरी झोप, आणि मधुमेह असलेल्या स्त्रीसाठी अपुरी झोप म्हणजे चढती साखर. बायकांनी हे मुकाट्याने सोसावे असे मानणाऱ्या मंडळींत डॉक्टरही पुष्कळ आहेत, हे मला खेदाने नोंदवावे लागते.

सर्वांत परिणामकारक उपचार हार्मोनचा आहे. साठ वर्षांच्या आतील आणि पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या बहुतेक निरोगी स्त्रियांत त्याचा फायदा जोखमीपेक्षा अधिक ठरतो. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते. स्तनाचा कॅन्सर, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, यकृताचा सक्रिय आजार, हृदयविकार किंवा पक्षाघाताचा इतिहास, अथवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर तो टाळतात. मधुमेहामुळे हृदयाची जोखीम आधी मोजावी लागेल आणि द्यायचेच ठरले तर त्वचेवर लावायचे जेल किंवा पॅच अधिक बरे. हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि तुमचे मधुमेहाचे डॉक्टर यांनी मिळून ठरवावे. हार्मोन नको असेल तर व्हेन्लाफॅक्सिन, कमी मात्रेतील पॅरॉक्सेटिन किंवा रात्रीचे गॅबापेन्टिन यांनी मध्यम आराम पडतो. सोयाबीनचे परिणाम अभ्यासांत कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. खाण्यात घ्यायला हरकत नाही, पण त्याच्या महागड्या कॅप्सूल मी लिहून देत नाही. ओळखीतून मिळणाऱ्या, घटक न छापलेल्या पुड्या मात्र घेऊच नका. त्यात स्टिरॉइड मिसळलेले असेल तर घाम आणि साखर दोन्ही वाढतील.

राहिलेली कारणे भराभर सांगतो. थायरॉइड वाढला असेल तर दिवसाही उकडते, हात थरथरतात, भूक चांगली असून वजन घटते; टीएसएच या एका रक्ततपासणीने निकाल लागतो. नैराश्य आणि चिंतेवरील एसिटॅलोप्रॅम, सर्ट्रॅलिन यांसारखी औषधे काही जणांना घाम आणतात. गंमत म्हणजे झळांवर दिले जाणारे व्हेन्लाफॅक्सिनही त्यांतलेच आहे. अशी कोणतीही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे हे कारण मात्र दुर्लक्षित राहते. आइसलँडमधील २०१३ च्या अभ्यासात उपचार न झालेल्या अशा रुग्णांपैकी जवळजवळ एकतृतीयांश जणांना रात्री वारंवार घाम येत होता, सामान्य लोकांत हे प्रमाण साधारण दहांत एक होते, आणि झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र वापरल्यावर रुग्णांमधील प्रमाण खाली आले. पाळी जाण्याच्या वयात स्त्रियांमध्ये हा विकार वाढतो. तुम्ही घोरता का आणि मध्येच श्वास थांबून हुंदका दिल्यासारखा आवाज येतो का, हे यजमानांना विचारा.

खोलीबद्दल एक गोष्ट डोंबिवलीकरांनी ध्यानात ठेवावी : घाम येऊन अंग थंड होत नाही, तो वाळल्याने होते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम काम करतो. कल्याण-ठाण्याच्या दमट हवेत तोच कूलर बंद खोलीत ओलावा वाढवतो आणि त्रास दुप्पट होतो. येथे पंखा, जाळी लावलेल्या उघड्या खिडक्या आणि एसी असेल तर २४ ते २६ अंश हे योग्य. फोमची गादी आणि तिच्यावरचे वॉटरप्रूफ कव्हर उष्णता कोंडतात; कापसाची गादी, सुती चादर, सुती सैल गाऊन आणि जाड रजईऐवजी दोन पातळ पांघरुणे घ्यावीत, म्हणजे एक बाजूला सारता येते. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने आंघोळ केल्यास शरीराचे तापमान नंतर सहज उतरते. रात्रीचा तिखट रस्सा आणि जेवणानंतरचा कडक चहा महिनाभर सोडून पाहा. छातीच्या घडीत किंवा जांघेत ओलाव्याने खाज सुटली तर ती जागा कोरडी ठेवा आणि औषधाच्या दुकानातून कोणतेही ‘मिक्स’ मलम आणू नका. त्यातील स्टिरॉइडमुळे गजकर्ण हट्टी होते आणि महिनोन्‌महिने जात नाही.

नोंदी ठेवण्यासाठी वेगळी वही लागत नाही. दूध आणि गॅस सिलिंडरच्या नोंदी ज्या कॅलेंडरवर होतात, त्याच चौकोनात घामाची वेळ, मीटरचा आकडा, संध्याकाळचे तापमान, उपवास असल्यास ‘उ’ आणि आठवड्यातून एकदा वजन लिहा. तीन आठवड्यांचे ते पान आणि सर्व गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे गेलात, तर दहा तपासण्या करूनही जे कळत नाही ते पाच मिनिटांत कळेल. मात्र छातीवर दाब, जबडा किंवा डावा हात अवघडणे, धाप किंवा एकाएकी फुटलेला गार घाम यांपैकी काही झाले तर नोंदी करत बसू नका. मधुमेही स्त्रियांत हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. लगेच १०८ ला फोन करा, तोवर साखर एकदा मोजा आणि ईसीजी असलेल्या ठिकाणी पोहोचा.

तुमच्या मुलीचा घाम हा बहुतांशी वेगळा विषय आहे. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन एकदम खाली येते, गरोदरपणात साठलेले पाणी शरीर बाहेर टाकते, आणि पहिले काही आठवडे रात्री कपडे भिजणे स्वाभाविक असते. त्यात आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी, कान बांधणे, बंद खिडक्या आणि स्वेटर असा बंदोबस्त असतो. तेलाने अंग चोळणे तिला आवडत असेल तर खुशाल करा. पण बंद खोलीतील कोळशाची शेगडी काढा. ती घाम वाढवते एवढेच नव्हे, तिचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड बाळासाठी धोक्याचे आहेत. तिला तहान लागेल तेवढे साधे पाणी प्यायला द्यावे. “पाणी प्यायल्याने पोट सुटते” म्हणून पाणी तोडू नये, विशेषतः ती अंगावर पाजत असताना. परंतु तिचे तापमान १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेले, थंडी वाजून आली, ओटीपोटात दुखले, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास आला, टाके लाल होऊन ठणकू लागले किंवा स्तन कडक होऊन लालसर दिसले, तर तिला त्याच दिवशी, रात्र असली तरी, जिथे बाळंतपण झाले त्या रुग्णालयात न्यावे. सासऱ्यांच्या आजाराच्या काळात ती या घरात राहत होती का, हेही तुमच्या तपासणीच्या वेळी केंद्रात सांगा. राहत असेल तर तिचीही चौकशी तेव्हाच होऊन जाईल.